बटूच्या डोक्यावरचा तो हात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण मुंजीवर पानभर मजकूर छापलात. सोबत मोठं रंगीत छायाचित्र आहे. पाटावर बटू, मागे काठापदराच्या साडीतली आई, बाजूला फेटा बांधलेला मामा. खाली कोण कोण आहे ते नात्यासकट दिलंय. बटूच्या डोक्यावर एक हात दिसतो, मनगटाला स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ आणि बोटांत वस्तरा. कोपरापासून पुढचा माणूस चौकटीबाहेर गेलाय. तो हात माझा. घड्याळ मुलाने घेऊन दिलेलं म्हणून लगेच ओळखलं. तक्रार नाही. हाताचं नाव छापा असंही म्हणत नाही. पण त्या पुरवणीवर नंतर दोन पत्रं आली आणि ती वाचून गप्प बसवेना.

पहिल्या पत्रातल्या बाई म्हणतात, मुंज हा जातीचा शिक्का आहे, बंद करा. दुसऱ्या पत्रातले गृहस्थ म्हणतात, हा आमचा संस्कार आहे, शास्त्राने ठरवून दिलाय, त्यात काडीचा बदल करण्याचा अधिकार कुणाला नाही. दोघांनीही मुंजी पाहिल्या असतील, पण पाहुणे म्हणून. मी साठ वर्षं मुंजीत उभा आहे, दाराजवळ, हातात धोकटी घेऊन. तिथून वेगळं दिसतं.

मी नाभिक. वाईत घाटापासून जवळ आमचं दुकान, आता मुलगा चालवतो. वय त्र्याहत्तर. वडिलांबरोबर पहिल्या मुंजीला गेलो तो १९६४ चा वैशाख होता. मी बारा वर्षांचा. काम एवढंच, धोकटी सांभाळायची आणि वाटीत पाणी आणून द्यायचं. त्या धोकटीत दोन वस्तरे, कात्री, फणी, नराणी, धारेचा दगड आणि तुरटीचा खडा. तेव्हा गणपती आळीत, धर्मपुरीत घरच्या अंगणातच मुंजी व्हायच्या. आम्हाला शिधा, नारळ आणि सव्वा रुपया मिळायचा. जेवण मागच्या पडवीत, सगळ्या पंगती उठल्यावर.

केस काढायचे म्हणजे आजच्यासारखा सरसकट गोटा नव्हे. शेंडी गाईच्या खुराएवढी ठेवायची, काही घरांत तिच्याभोवती घेराही. कुणाकडे काय चालतं ते वडिलांना पाठ होतं. घरच्या म्हाताऱ्या बायका विसरल्या तर वडिलांना विचारायच्या. गुरुजींना पोथी ठाऊक, वडिलांना डोकी.

आता ज्या मुंजीमुळे मला हे पत्र लिहावंसं वाटलं ती. १९७८. वडील अंथरुणाला खिळलेले, मी एकटाच गेलो. मुलगा आठ वर्षांचा, नुकता बाप गेलेला. मुंजीला काका-काकू बसले होते. आई विधवा, म्हणून ती आतल्या खोलीच्या दाराआड उभी. मी डोकं ओलं केलं, उजव्या बाजूने सुरुवात केली, कानामागे आलो आणि पोराने एकदम मान वळवली. वस्तरा लागला. फार नाही, गव्हाएवढी चीर. पण डोक्याचं रक्त पातळ, मानेवरून पाटापर्यंत ओघळ आला. कोणीतरी ओरडलं, काकूंनी तोंडाला पदर लावला. पोरगं रडलं नाही. ते अजून दाराकडेच बघत होतं.

पौरोहित्याला आमच्याच भागातले एक वृद्ध गुरुजी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी तुरटी दाबून धरली होती आणि माझा हात थरथरत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पोराला म्हणाले, ‘‘कुणाकडे बघत होतास रे?’’ ते काही बोललं नाही. अण्णांनी दाराकडे पाहिलं. मग यजमानांना म्हणाले, ‘‘मातृभोजनाचं ताट मांडा. दोन पाट. एक बटूचा आणि एक त्याच्या आईचा.’’ काका काहीतरी पुटपुटले. अण्णा म्हणाले, ‘‘मातृभोजन म्हणतात त्याला. काकूभोजन म्हणत नाहीत.’’

ती बाई बाहेर आली. पांढरट लुगडं, हातात काही नाही. पोराच्या शेजारी बसली. तिने भात कालवला, पहिला घास त्याला भरवला, मग त्याच ताटातला एक स्वतः खाल्ला. मातृभोजन म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. त्या ताटानंतर मुलगा आईच्या ताटात जेवत नाही. तो आता दुसऱ्याकडे शिकायला जायचा, आचार्याच्या स्वाधीन व्हायचा. उपनयन या शब्दाचा अर्थच जवळ नेणं, गुरूच्या जवळ. जवळ नेतात म्हणजे कुणापासून तरी दूर नेतात, आणि ते जिच्यापासून नेतात तिलाच दाराआड ठेवलं होतं. त्या बाईने शेवटचा घास बराच वेळ बोटांत धरून ठेवला होता. मी तुरटी पुसत उभा होतो.

संध्याकाळी घाटावर अण्णा भेटले. मी माफी मागितली. म्हणाले, ‘‘तुला ठाऊक आहे का, पोथीत तुझ्यासाठी एक वाक्य आहे?’’ मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी म्हणून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठीवर लिहूनही दिलं. तो कागद अजून आरशामागे आहे. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या पोथीत, चौलाचा म्हणजे केस काढण्याचा विधी सांगितलाय, मुंजीच्या सकाळी करतात तोच. बापाने दर्भ धरून मंत्र म्हणत थोडे केस कापायचे आणि मग न्हाव्याला सांगायचं, ‘शीतोष्णाभिरद्भिरबर्थं कुर्वाणोऽक्षण्वन् कुशली कुरु’. गार-गरम पाणी मिसळून, त्या पाण्याने करायचं ते करत, इजा न होऊ देता नीट केस कर. ‘अक्षण्वन्’ म्हणजे जखम न करता. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी त्या पोराच्या कानामागच्या कातडीची काळजी होती.

त्याच्या आधी वस्तऱ्यालाही विनवणी आहे. केसांवर दर्भ ठेवून म्हणायचं, ‘ओषधे त्रायस्वैनम्’, वनस्पती, याला सांभाळ. आणि पात्याला म्हणायचं, ‘स्वधिते मैनं हिंसीः’, पात्या, याला दुखवू नकोस. मग येतं ते मी आजही वस्तरा उघडताना मनात म्हणतो, ‘येनावपत् सविता क्षुरेण सोमस्य राज्ञो वरुणस्य’. ज्या वस्तऱ्याने सवित्याने सोमराजाचे, वरुणाचे केस काढले, तो हा वस्तरा. अण्णा म्हणाले, ‘‘सविता कोण, माहीत आहे ना? गायत्री मंत्र त्याचाच. तत्सवितुर्वरेण्यम्. दुपारी बापाने ज्याचा मंत्र कानात सांगायचा, तो सकाळी वस्तरा धरून बसलेला असतो.’’ आणि हसून म्हणाले, ‘‘आणि तू माफी मागतोस.’’

अण्णा गेले त्याला आता तीस वर्षं झाली. घाटावरच्या त्या संध्याकाळनंतर मी पडवीत जेवलो नाही. कुणी काही म्हणालं नाही. मी पंगतीत जाऊन बसलो, एवढंच.

वस्तऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. त्याच वस्तऱ्याने आमच्या लोकांकडून विधवांची डोकी भादरून घेतली जायची. लाल अलवणात गुंडाळलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि हे काम आम्ही करणार नाही असं ठरलं. त्या काळी ज्यांचं पोट बलुत्यावर आणि चार घरांच्या मर्जीवर, त्यांनी हे ठरवलं. माझे आजोबा ती हकीकत सांगताना वस्तरा मिटवून ठेवायचे. मुंजीचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही गोष्ट आडबाजूची वाटेल. मला नाही वाटत. दाराआड उभी असलेली ती आई १८७८ साली असती तर तिच्या डोक्यावरही माझ्यासारख्याचाच हात असता.

आता त्या दोन पत्रांकडे येतो.

बंद करा म्हणणाऱ्या बाईंना मी एकच गोष्ट सांगतो. उपनयनात आचार्य मुलाला पाच गोष्टी सांगतो. तू आता ब्रह्मचारी आहेस, पाणी पी, काम कर, दिवसा झोपू नकोस, आचार्याच्या आज्ञेत राहून वेद शीक. ‘ब्रह्मचार्यस्यपोऽशान कर्म कुरु दिवा मा स्वाप्सीः’. हे पहिल्यांदा अर्थासकट ऐकलं तेव्हा मला हसूच आलं, कारण वेद सोडला तर हे सगळं मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. दुपारी दुकानात डुलकी लागली की ओला टॉवेल पाठीवर बसायचा. वस्तरा धरायला शिकवताना त्यांनी आधी मला माझ्याच पोटरीवरचे केस काढायला लावले, पंधरा दिवस. मग एके सकाळी खुर्चीत बसले, मान मागे टाकली, गळ्याला साबण लावून घेतला आणि वस्तरा माझ्या हातात दिला. डोळे मिटून बसले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. पोराला एका वयात कुणीतरी असं समोर बसवून ‘आता तुझं शिकणं सुरू’ म्हणावं लागतं. त्याला जानवं लागतंच असं नाही. पण ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांनी ती मोडून टाकावी असं मला वाटत नाही.

दुसऱ्या पत्राबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. काडीचा बदल नको म्हणता? मी दाराजवळून पाहिलेले बदल सांगतो. सूत्रात ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षी, हवं तर गर्भापासून आठव्या. आता शाळेला सुट्टी कधी, कार्यालय कधी मिळतंय आणि अमेरिकेतला मामा कधी येतोय त्यावर ठरतं. बारा-तेरा वर्षांचे बटू मी दर मोसमात बघतो, एकाला तर मिसरूड होतं. कमरेला मुंज गवताची मेखला, जिच्यावरून या संस्काराला मुंज म्हणतात, ती आता पूजेच्या सामानाच्या दुकानात तयार पाकिटात येते आणि फोटो झाला की गळून पडते. पळसाच्या दंडाला सोनेरी कागद. मुंजीनंतर बारा वर्षं गुरुगृही राहायचं, आता शिकणं संपल्यावरची सोडमुंज त्याच संध्याकाळी. एका यजमानांनी तर ती जेवणाआधी उरकायला सांगितली, वाढपी खोळंबलेत म्हणून.

केसांचं तर विचारूच नका. दहातले सहा आईबाप म्हणतात, ‘‘काका, नावाला एक बट कापा, शाळेत चिडवतात.’’ मी कापतो. सूत्रातच लिहिलंय की केस ज्याच्या त्याच्या कुळाच्या रीतीप्रमाणे ठेवावेत, मग माझी काय हरकत? पण बट कापायलाही कॅमेरा तीनदा थांबवतो. ‘‘काका, परत फिरवा, हाताची सावली येतेय.’’ कापलेली बट पुन्हा कशी कापू? एका कार्यालयात व्यवस्था बघणाऱ्या मुलाने मला पिवळा झब्बा आणि उपरणं दिलं. म्हणे सगळ्यांचा रंग जुळला पाहिजे.

गायत्री मंत्र. बाप आणि मुलगा उपरण्याखाली डोकी घ्यायचे आणि बाप कानात सांगायचा, आधी एकेक पाद, मग अर्धा, मग सगळा. लहानपणी मी त्या उपरण्याकडे बघत राहायचो. तिथे माझ्या कानावर पडू नये असं काहीतरी चाललंय एवढं कळायचं. आज तोच मंत्र समोरच्या डेअरीत पहाटे साडेपाचपासून लागतो आणि माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांच्या मोबाइलवर तो वाजतो. दाढीचा साबण लावलेला माणूस फोन उचलेपर्यंत सगळं दुकान ऐकतं. आभाळ कोसळलं नाही.

भिक्षा. सूत्र सांगतं, पहिली भिक्षा अशा माणसाकडे मागावी जो नाही म्हणणार नाही, किंवा अशा बाईकडे. केवढा शहाणपणा आहे यात! पोराची पहिलीच वेळ, नकार नको. म्हणून आई पहिली. दोन वर्षांपूर्वी एक बटू झोळी घेऊन सगळ्यांसमोर ‘ॐ भवति भिक्षां देहि’ करत चालला होता. पाकिटं, चॉकलेटं, एकाने हेडफोन टाकला. पोर दारापाशी आलं आणि माझ्यापुढे झोळी धरून उभं राहिलं. मघाशी तासभर त्याचं डोकं माझ्या हातात होतं, ओळख झाली होती. मी खिशातली दहाची नोट काढून टाकली. फोटोवाला म्हणाला, ‘‘काका, जरा बाजूला.’’ मी झालो.

तर वय बदललं, वेळ बदलली, मेखला, दंड, केस, मंत्राची गुप्तता, सोडमुंज, सगळं ज्याला जसं सोयीचं तसं बदललं आणि कुणी पेपरात पत्र लिहिलं नाही. मुंज कुणाची व्हायची एवढी एक गोष्ट बदलायची म्हटलं की शास्त्र आठवतं. तीही बदलत आलीच आहे. सूत्रात क्षत्रियाची मुंज अकराव्या वर्षी, फार तर बाविसापर्यंत. शिवाजी महाराजांची मुंज राज्याभिषेकाआधी रायगडावर १६७४ साली झाली, महाराज तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे. गागाभट्टांनी प्रायश्चित्त सांगितलं आणि वाट काढली. करायचं असलं की निघते. नसलं करायचं तर संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांनाही मुंज नाकारली गेली, हे आपण वारीत कौतुकाने सांगतो.

माझ्या मुलाने सातवीत असताना विचारलं होतं, ‘‘बाबा, माझी मुंज कधी?’’ म्हटलं, ‘‘आपल्यात नसते.’’ म्हणाला, ‘‘मग तुम्ही त्यांची का करता?’’ मी म्हटलं, ‘‘मी करत नाही. मी केस काढतो.’’ तो थोडा वेळ वस्तऱ्याकडे बघत बसला आणि क्रिकेट खेळायला गेला. तेव्हा आरशामागचा कागद काढून त्याला दाखवायला हवा होता. सुचलं नाही.

गेल्या वैशाखात साताऱ्याच्या एका घरचं बोलावणं आलं. जुळी भावंडं, मुलगा आणि मुलगी, दोघांची मुंज. पुण्याहून पुरोहितबाई आल्या होत्या. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने मुलींच्या मुंजी आणि स्त्रियांचं पौरोहित्य कधीपासून रुळवलंय, हे मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदा. एका आजोबांनी कुरकुर केली. बाईंनी शांतपणे यमाच्या नावाने चालत आलेला श्लोक म्हटला, ‘पुराकल्पे कुमारीणां मौञ्जीबन्धनमिष्यते’. पूर्वीच्या काळी मुलींचंही मौंजीबंधन होत असे. मला माझ्या वडिलांची आठवण झाली. पाचगणीच्या एका पारशी कुटुंबाकडे ते महिन्यातून एकदा जायचे. त्यांच्यात नवजोत, म्हणजे त्यांची मुंजच, मुलामुलींची दोघांचीही होते, कमरेला बहात्तर धाग्यांचा लोकरीचा गोफ, ‘कुस्ती’ म्हणतात तो, बांधतात. वडील घरी येऊन सांगायचे, ‘‘त्यांच्यात पोरींनाही जानवं असतं बघ.’’ आई म्हणायची, ‘‘कमरेला?’’

मुलीचे केस लांब होते, ती ते काढायला तयार नव्हती. बाईंनी एकच बट कापायला सांगितली. तिने डोळे गच्च मिटले. मी पाणी मागितलं तर कार्यालयातल्या पोराने टाकीचं गार पाणी बादलीत आणून दिलं. साताऱ्याची सकाळ, पोर शहारली. मी म्हटलं, ‘‘गरम आण, यात मिसळायला.’’ तो म्हणाला, ‘‘काका, एका बटेसाठी?’’

संपादक महाशय, पुढच्या मोसमात पुन्हा मुंजीची पुरवणी काढाल तेव्हा कार्यालयवाल्यांसाठी आणि यजमानांसाठी एवढं छापा. कार्यालयांतून बऱ्याच ठिकाणी गीझर असतो, पण त्याची किल्ली व्यवस्थापकाकडे आणि तो मुहूर्ताला सापडत नाही. चौलाच्या आधी एक बादली गरम आणि एक गार, दोन्ही पाटाजवळ आणून ठेवायला सांगा. मिसळायचं काम माझं.

आपला,
एक जुना वाचक,
वाई, जि. सातारा